बाभळीखालचा चेंडू

सत्तर साली, नगरच्या छावणीपलीकडच्या गोल्फच्या मैदानावर एका माणसाने मला चारचौघांत खोटारडी ठरवलं. त्यानंतर वर्षभर मी दवाखाना चालवला, बाळंतपणं केली, घर सांभाळलं; पण मनात एकच काम चालू होतं. त्या माणसाला हरवायचं, आणि तेही त्याच लोकांसमोर.

गोल्फ मला नवऱ्यामुळे लागला. हे वकील. अशिलांच्या ओळखीने क्लबात शिरले, चार महिन्यांत कंटाळले, आणि त्यांच्या स्टिका माझ्या हातात आल्या. पहाटे रुग्ण नसतील तेव्हा मी जायची. मैदान म्हणजे नावाचंच. हिरवळ कुठे नाहीच. माळ, मुरूम, मधूनमधून बाभळी. ज्या गोलात चेंडू शेवटी खड्ड्यात ढकलायचा, तिथे गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू चोपून बसवलेली. त्याला सगळे 'ब्राऊन' म्हणत. बायका खेळायला येत नसत, त्यामुळे वार्षिक स्पर्धेत माझं नाव पुरुषांतच घातलं जाई.

तो माणूस एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेला मोठा इंजिनियर होता. गोरा, उंच, पांढऱ्या टोपीचा. उपांत्य सामन्यात आम्ही समोरासमोर होतो आणि शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरीत. माझा चेंडू बाभळीच्या खोडावर आपटला आणि उसळून मोकळ्यात आला. मी आवाज ऐकला होता. इंजिनियरसाहेब तेव्हा पार दुसऱ्या बाजूला स्वतःचा चेंडू शोधत होते. तरी ते तरातरा आले आणि पंचांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टरीणबाई, चेंडूला हात लागला असेल तर सांगून टाका. बायकांच्या पदरात काय काय अडकतं, त्याचा नेम नाही."

लोक हसले. चहाच्या टेबलापाशी उभे असलेले आमचे हेही हसले.

पंच म्हातारे गृहस्थ होते. "वाद नको, हा शेवटचा पुन्हा खेळा," म्हणाले. जवळून ढकललेला माझा चेंडू खड्ड्याच्या पुढे पळाला. मी हरले.

घरी येताना स्कूटरवर हे म्हणाले, "अगं, गंमत केली त्यांनी."

"मग तुम्ही गमतीला हसलात, असं समजते," मी म्हटलं. त्या दिवसापासून मैदानावर यांना बरोबर नेलं नाही. एकदा स्वतःहून निघाले, तर मी दारातूनच परत फिरवलं.

माझा लांबचा फटका चांगला होता. घोळ व्हायचा तो जवळ आल्यावर. ब्राऊनवर चेंडू एक तर खड्ड्याच्या पुढे पळायचा, नाही तर अलीकडेच मरायचा. क्लबात सराव करावा तर ते टोपीवाले साहेब कुठून तरी बघत असायचे. म्हणून मी रविवारी कोल्हारला माहेरी जाऊ लागले. मळ्याच्या कडेला, विहिरीजवळ, प्रवरेची वाळू आणून पसरली. इंजिनाचं जळकं तेल त्यात मिसळलं, रुळाने दाबलं, मधोमध दुधाचा डबा पुरला.

धाकटा भाऊ ऊस सोडून बघत बसला.

"आक्का, ह्यो कसला खेळ म्हनायचा? डब्यात गोळी ढकलायची?"

"खेळ नाही. एकाची जिरवायचीय."

तो एकदम सरळ उभा राहिला. "कोन हाय त्यो? मी येऊ का संगं?"

"तू नको. मीच बघते."

"लई राग हाय व्हय?" असं म्हणून त्याने जास्त काही विचारलं नाही. वाळू उकरली गेली की तोच पाणी मारून पुन्हा दाबून ठेवायचा. चेंडू ढकलताना मी त्या माणसाचं हसणं आठवायची. सुरुवातीला त्याने हात ताठ व्हायचे. पुढे पुढे राग डोक्यात ठेवून हात मोकळे सोडायला जमलं. टाके घालताना रुग्ण किंचाळली तरी बोटं आपलं काम करतात, तसं.

दुसरीकडे मी इंजिनियरसाहेबांवर नजर ठेवली. ते खेळत तेव्हा मी लांबून बघत राही. त्यांची एक खोड ध्यानात आली. स्टिका वाहणारा एखादा पोरगा शेजारी उभा राहून बघू लागला, तर त्यांना धीर धरवत नसे. फटका लवकर उरकत. बरोबरचे लोक आदराने लांब राहत, म्हणून ते कुणाला दिसलं नव्हतं.

पुढच्या जानेवारीत फलकावर स्पर्धेच्या जोड्यांची नावं लागली तेव्हा आमची गाठ पहिल्याच फेरीत पडली. मला वाटलं होतं, शेवटपर्यंत वाट पाहावी लागेल. सकाळी पदर कमरेला खोचला आणि वर दोन सेफ्टी पिना लावल्या.

"या वर्षी जपून हं, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. मी नमस्कार केला.

मी एवढंच ठरवलं होतं: त्यांच्या प्रत्येक चेंडूपाशी जायचं. हात मागे बांधून, नियमाने उभं राहायचं तितक्या अंतरावर उभं राहायचं आणि बघायचं. पहिले काही खड्डे त्यांनी माझ्यापेक्षा कमी फटक्यांत घेऊन जिंकले. मग ते अस्वस्थ झाले. एकदा त्यांचा चेंडू बाभळीत गेला, तशी मी मागोमाग गेले.

"तुम्ही तुमच्या चेंडूकडे जा ना!"

"घाई नाही, साहेब. तुमचा कसा पडलाय ते बघते. नंतर कुणी काही म्हणायला नको."

त्यांचे कान लाल झाले. फटका फांदीला लागला आणि चेंडू आणखी आत गेला. माझ्या पोटात गार गार वाटलं. दया वगैरे काही आली नाही.

तिथून ते ढासळत गेले आणि शेवटच्या खड्ड्यापर्यंत आम्ही बरोबरीत आलो. शेवटच्या ब्राऊनवर माझा चेंडू खड्ड्यापासून चांगला लांब होता. कडेला गेल्या वर्षीचीच माणसं उभी होती. मी ढकलला. चेंडू सावकाश गेला, काठावर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

त्यांनी हात पुढे केला. "छान खेळलात. मागचं मनात ठेवू नका."

"ठेवलंय," मी म्हटलं. "मी चेंडूला हात लावला होता का? तुम्ही पाहिलं होतं?"

पंच खाली बघू लागले.

"आता कशाला ते..."

"पाहिलं होतं का?"

"नाही," ते म्हणाले. मग थोड्या मोठ्याने, कारण मी तशीच उभी होते, "नव्हतं पाहिलं."

तेव्हा मी हात मिळवला.

पुढच्याच फेरीत एका तरुण दंतवैद्याने मला सहज हरवलं. चेंडू पुन्हा कुठेही पळू लागला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. इंजिनियरसाहेब मात्र मैदानावर यायचे बंद झाले. उन्हाळ्यात त्यांच्या शेजारची एक बाई तपासायला आली, ती सांगत होती की ते जो भेटेल त्याला सांगतात, त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती.

मी तिला औषध लिहून दिलं आणि म्हटलं, "कंबरेला जपायला सांगा त्यांना." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा मूड फार छान होता.