देवाला ‘बे’ म्हटलं म्हणून

शाळेतून फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवायला बसले होते. पलीकडून मुलीची वर्गशिक्षिका बोलत होती. “मॅडम, आपकी बेटी ने भगवान को गाली दी है. कल आकर प्रिन्सिपल मॅडम से मिलिए.” मी काही विचारायच्या आत फोन बंद झाला. डब्यातली भेंडी तशीच राहिली. माझी पोरगी तिसरीत. तिला येणारी सगळ्यात जहाल शिवी म्हणजे ‘गधा’, आणि तीसुद्धा ती आधी इकडे तिकडे बघून देते.

संध्याकाळी रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटवर पोचले तर ती बूट न काढताच पलंगावर बसलेली.

“काय झालं ग?”

“डान्स की प्रॅक्टिस थी. हमारा नंबर आया और लाइट चली गई. गाना बंद. सब चुप हो गए. तो मैंने बोला.” मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते. आमच्या घरात हे रोजचंच आहे.

“काय बोललीस?”

ती हळूच म्हणाली, “बाप्पा, झोपला का बे!”

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. पण पुढचं ऐकून ते मावळलं. वर्गातल्या दोघा-तिघांना मराठी समजतं. त्यांनी बाकीच्यांना अर्थ सांगितला, सगळा हॉल हसला, आणि मॅडमनी हिला सरस्वतीच्या तसबिरीसमोर कान धरून उभं केलं. प्रॅक्टिस संपेपर्यंत. वर डान्समधून नावही काढून टाकलं.

हे वाक्य तिनं उचललं कुठून, हे विचारायची गरजच नव्हती. ते माझ्या सासऱ्यांचं. ते मूळचे अमरावतीकडचे, रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. सकाळी बनियनवरच पूजेला बसतात आणि शेजारच्या खोलीतल्या भावाशी बोलावं तसे देवांशी बोलतात. थंडीत बाळकृष्णाला कोमट पाण्यानं आंघोळ घालतात, आणि पाणी जरा गरम झालं तर “चटका बसला का रे?” असं विचारतात. पोळ्या होत असताना सिलिंडर संपलं, मॅचमध्ये शेवटची विकेट पडली, उन्हाळ्यात वीज गेली, की त्यांच्या तोंडून आपोआप येतं, “बाप्पा, झोपला का बे!” आमच्या वऱ्हाडी बोलण्यात बाप्पा पावलोपावली असतोच. ‘काय सांगू बाप्पा’, ‘नाही बाप्पा’, ‘हो ना बाप्पा’. त्याला वगळून आम्हाला धड नकारही देता येत नाही.

सगळं ऐकल्यावर सासरे खुर्चीतून उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मग परत येऊन म्हणाले, “सूनबाई, उद्या मी बी येतो शाळेत. पोट्टीची काही चूक नाही. मलेच समजत नाही, लेकरासमोर कसं बोलायचं ते. मी माफी मागतो.”

“बाबा, तुम्ही कशाची माफी मागता?”

“देवाले अरे-तुरे करतो ना मी.”

पन्नासेक वर्षं ज्या माणसानं देवाला न जेवू घालता स्वतः घास घेतला नाही, त्याचा चेहरा एका फोननं एवढासा झाला होता. माझा खरा संताप तिथून सुरू झाला. मी त्यांना शाळेत येऊ दिलं नाही.

नवरा रात्री जेवताना म्हणाला, “जाऊ दे ना. काहून वाढवून राहिली? पोट्टीले सांग, बाहेर असं नको बोलू. झालं.” त्याचा स्वभावच असा. सिलतऱ्याच्या कारखान्यात दिवसभर मालक आणि कामगार या दोन बाजूंची भांडणं मिटवून येतो, घरी तिसरं नको असतं. मी म्हटलं, “सांगते. पण आधी त्यांना विचारून येते की काय बिघडलं.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी नेहमीची कोंडी होती. एक मोठी गाडी आडवी घुसलेली. मागच्या गाडीतला बाप काच खाली करून समोरच्याच्या आईचा आणि बहिणीचा उद्धार करत होता, खच्चून. त्याच्या मागच्या सीटवर त्याची दोन मुलं बसलेली, गळ्यात शाळेचीच ओळखपत्रं. गार्डनं ऐकलं, दोन शिक्षिका बाजूनं गेल्या त्यांनी ऐकलं. कोणी वळूनही पाहिलं नाही.

प्रिन्सिपलबाई शांत आवाजात बोलल्या, आणि त्या शांतपणानंच माझं डोकं जास्त फिरलं. “देखिए, भाषा तो बच्चे घर से ही सीखते हैं. संस्कार की बात है.”

“मॅडम, हमारे यहाँ भगवान से ऐसे ही बात करते हैं. घर के आदमी की तरह.”

“लेकिन ‘बे’? भगवान को ‘बे’?”

“आप भगवान को आप कहती हैं या तू?”

हिंदीत आरत्या-भजनं म्हणताना सगळेच देवाला ‘तुम’ नाहीतर ‘तू’ म्हणतात, ‘आप’ नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी दुसरी बाजू धरली. एका पालकानं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं, लोकांच्या भावना दुखावल्या होत्या. मुलीनं प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर ‘सॉरी’ म्हणावं, विषय तिथंच संपेल.

“नाही म्हणणार,” मी म्हटलं, मराठीतच निघालं तोंडून. मग हिंदीत समजावलं. ती प्रार्थना चालू असताना मध्ये ओरडली असती तर मीच तिला रागावले असते, कारण दुसऱ्याच्या प्रार्थनेत व्यत्यय आणणं वाईट. इथे तर नाच चालला होता. लाइट गेली आणि लेकरानं देवाकडे तक्रार केली. कोणाला शिवी दिली? कोणाचं वाईट चिंतलं? फाटकावर आत्ता जे ऐकून आले तेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “वो बाहर की बात है, उस पर हमारा कंट्रोल नहीं.” आईबहिणीची शिवी बाहेरची, आणि बाप्पा झोपला का हे मात्र आतलं! मी उठले. वर्गशिक्षिका कोपऱ्यात उभी होती, पोरसवदाच, ती पूर्ण वेळ खाली बघत होती.

वाटलं, झालं ते झालं. सॉरी म्हणावं लागलं नाही, डान्स गेला तर गेला. पण पोरगी घरात बदलली. संध्याकाळी सासरे दिवा लावत तेव्हा ती त्यांच्या मांडीला टेकून देवाला दिवसभराचं सगळं सांगायची. कोणी पेन्सिल घेतली, डब्यात काय होतं. आता ती लांब, दाराशी उभी राहायची. हात जोडलेले, तोंड मिटलेलं. आणि सासरेही तिच्यासमोर मोजूनमापून बोलू लागले. पूजा मुकाट्यानं उरकायचे.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिचे केस विंचरताना माझा हात तिच्या कानाला लागला आणि ती कळवळली. बघते तर कानामागे सूज, अंगात ताप. तशीच उचलून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि माझ्याकडे रागानं बघितलं. “इतना इन्फेक्शन! बहुत दर्द होता है इसमें. तीन-चार दिन से क्या कर रहे थे आप लोग?”

“हिनं सांगितलंच नाही,” मी म्हटलं. मग तिला विचारलं, “काहून नाही सांगितलंस ग?”

ती डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत म्हणाली, “मॅडम ने बोला था ना. भगवान सब सुनता है, सजा देगा. वो सजा थी. मैंने सोचा पूरी हो जाएगी तो अपने आप ठीक हो जाएगा.”

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. जो देव तिचा दोस्त होता त्याला कोणीतरी छडी घेतलेला मास्तर करून टाकलं होतं, आणि ती बिचारी कान ठणकत असताना शिक्षा संपायची वाट बघत होती. एकटी. आम्ही सगळे घरात असून.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपलबाईंकडे गेलेच नाही. सरळ वर्गशिक्षिकेला मधल्या सुट्टीत गाठलं आणि औषधाची बाटली तिच्यासमोर धरली. “ये आपकी सजा है,” मी म्हटलं. सगळं सांगितलं. माझा आवाज चढला असेल, स्टाफरूममधल्या बाकीच्या बायका बघत होत्या. चढू दे म्हटलं. देवाला ‘बे’ म्हणणाऱ्या लेकराची तुम्हाला चीड येते, आणि लेकराला भीती दाखवायला देवाला हाताशी धरता, हा देवाचा अपमान नाही तर काय?

तिचे डोळे भरले. “मैंने तो बस डराने के लिए कहा था, मॅडम. बचपन में हमको भी ऐसे ही कहते थे.”

“म्हणूनच तुम्ही तरी असं म्हणायला नको होतं,” मी म्हटलं आणि निघून आले.

रविवारी वर्गशिक्षिका आमच्या घरी आली. कोणी पाठवलं नव्हतं. सासऱ्यांनी तिला खुर्ची दिली, मी चहा टाकला, राग होता तरी. ती मुलीजवळ पलंगावर बसली आणि म्हणाली, “बेटा, कान का दर्द भगवान नहीं देते. वो सजा नहीं थी.”

मुलीनं तिच्याकडे नीट पाहिलं. “पर आपने तो बोला था देते हैं. अब कौन सा वाला सच है?”

“अभी वाला. पहले वाला मैंने गलत बोला था.”

“आपको कैसे पता?”

वर्गशिक्षिका सासऱ्यांकडे बघायला लागली. सासरे म्हणाले, “विचारू द्या तिले. मले बी विचारते ती असंच.” आणि मुलीला जवळ घेऊन म्हणाले, “औषध घेतलं ना, दुखणं कमी झालं ना? शिक्षा असती तर औषधानं कशी गेली असती?” हे तिला पटलेलं दिसलं. तिनं मान हलवली आणि मॅडमला आपली चित्रांची वही दाखवायला घेऊन गेली.

त्या पोरसवदा मॅडमवरचा माझा राग तेव्हाच उतरला. चुकलं ते चुकलं म्हणायला ती घरापर्यंत आली. प्रिन्सिपलबाईंकडून मात्र आजवर एक शब्द नाही. डान्समध्ये दुसरी मुलगी उभी राहिली. परवा शाळेचा मेसेज आला, मुलांच्या भाषेकडे पालकांनी लक्ष द्यावं म्हणून. फाटकावरच्या बापाबद्दल त्यात काही नव्हतं. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला. त्यानं पहिल्यांदाच “जाऊ दे” म्हटलं नाही. म्हणाला, “पुढच्या पालक-मीटिंगले मी बी येतो तुझ्यासोबत.”