दारूकाम तपासायला गेले तेव्हा

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. इमारतीत चोवीस बिऱ्हाडं होती आणि चोवीसही एकमेकांना अनोळखी. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी रत्नागिरीकडचं, कुणी साताऱ्याचं. जिन्यात भेटलं की हसायचं आणि घरात गेलं की दोन्ही कड्या लावायच्या, अशी रीत पडली होती. आसपास रिकामे भूखंड, अर्धवट बांधकामं आणि त्यापलीकडे खाजण, खाडीच्या पाण्याची दलदल. डोंगराकडच्या खाणींत दुपारी सुरुंग लावायचे. तो आवाज आला की बायका गॅलरीत येऊन एकमेकींकडे बघायच्या. जवळच्या जुन्या गावांतल्या लोकांच्या जमिनी या नव्या शहरासाठी गेल्या होत्या. त्यांचा आपल्यावर राग असणार, असं आमच्यात सगळेच धरून चालायचे. मीही.

मी जवळच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. पुढची सगळी भानगड त्यामुळेच माझ्या गळ्यात पडली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सोसायटीची मीटिंग झाली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं ठाशीव. ते म्हणाले, "समोरच्या मैदानावर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण आतषबाजी करू. आजूबाजूच्या सोसायट्यांनाही बोलावू. लोकांना कळू दे, इथे माणसं राहतात." सगळ्यांना पटलं. दारूकाम कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आपली मासेवाली आहे ना, तिचा सासरा करतो म्हणे. गावदेवीच्या जत्रेला दर वर्षी तोच उडवतो."

मासेवाली माझ्याच वयाची होती. रोज सकाळी टोपली घेऊन चारही मजले चढायची आणि कोणत्या घरात कोणाला बांगडा चालत नाही हे तिला पाठ होतं. तिच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण तिच्या सासऱ्याचं नाव निघालं तशी चुळबुळ सुरू झाली.

"जमीन गेलेला माणूस आहे," कुणीतरी म्हणालं. "त्याच्या हातात बारूद द्यायची आणि आपण पोराबाळांना घेऊन समोर बसायचं?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही केमिस्ट्रीच्या. एकदा जाऊन बघून या. काय काय वापरतो, कसं ठेवतो. तुम्ही ओके म्हणालात तर पुढे जाऊ."

मला हे काम आवडलं, हे कबूल करते. वर्गात मी बारुदीचा इतिहास रंगवून सांगायचे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ओळख चिनी लोकांना आधी झाली, ती विद्या व्यापाऱ्यांबरोबर आणि सैन्यांबरोबर फिरत आपल्याकडे आली, आधी तोफांत गेली आणि मग लढाई नसलेल्या दिवसांत राजेरजवाड्यांच्या लग्नांत. पेशवाईत दारूकाम बघायला माणसं लोटायची. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. करणारा माणूस मात्र कधी पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी मासेवालीबरोबर तिच्या गावात गेले. घरं संपली की थोडं पुढे, खाजणाच्या कडेला एक कुडाची खोपटी होती. दारात ओलं गोणपाट अंथरलेलं. म्हातारा बाहेर आला. सडपातळ, काळाभोर, डाव्या हाताची करंगळी अर्धीच. माझी छत्री, किल्ल्या आणि केसांतल्या पिनासुद्धा त्याने बाहेर काढून ठेवायला लावल्या.

"लोकंड आत नाय," तो म्हणाला. "चपला बी काड. पाय भिजव न् ये."

मी पाय भिजवत असताना त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू सरकारी हाय काय?"

"नाही हो बाबा. शाळेत शिकवते."

"वही कशाला आनलीस मंग?"

मी वही पिशवीत घातली. सुनेने काहीतरी समजावलं, पण त्याची नजर शेवटपर्यंत सैल झाली नाही. तो मला तपासत होता आणि मी त्याला. आत लाकडी मोगरी, पितळी गज, मातीचे भुईनळे ओळीने मांडलेले. रुईच्या काड्यांचा कोळसा तो स्वतः भाजायचा. मी इतिहास काढला तेव्हा मात्र तो बोलायला लागला. त्याचा आजा जमीनदाराच्या लग्नांत दारूकामाची झाडं आणि चक्रं लावायचा. बापाने साहेबाच्या राजाच्या नावाने दारू उडवली. मग स्वातंत्र्य आलं त्या दिवशी त्याच बापाने पैसे न घेता गावच्या बंदरावर भुईनळे लावले.

"दारू तीच," तो म्हणाला. "कोनासाटी उडवाची ता बदलला."

माझ्या वर्गातल्या इतिहासात हे वाक्य नव्हतं. मला तो माणूस आवडायला लागला होता. तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या लाकडी डब्यावर गेली. झाकण अर्धवट, आत पांढरी भुकटी. सोरा तर दुसरीकडे मडक्यात होता. मी विचारलं, "हे काय?" त्याने डब्यावर गोणपाट ओढलं आणि म्हणाला, "ता काय नाय."

ते 'काय नाय' माझ्या डोक्यात बसलं. पांढरी भुकटी म्हणजे पोटॅश, पोटॅशियम क्लोरेट, असेल तर? पोटॅश आणि गंधक एकत्र आले तर नुसत्या घासण्याने भडका उडतो. सुनेच्या हाकेवर तो क्षणभर बाहेर गेला. मी गोणपाट उचललं, चिमूटभर भुकटी घेतली आणि बसच्या तिकिटात गुंडाळून ब्लाउजमध्ये खोचली. मी आयुष्यात केलेली ती एकमेव चोरी.

सोमवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत ती भुकटी तपासली. पोटॅश नव्हतं. चुन्याबरोबर घासल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास आला आणि मी ओळखलं. नवसागर. कल्हईवाले भांड्याला लावतात तोच. मला हायसं वाटायला हवं होतं, पण शंका उलट वाढली. नवसागर सोऱ्याबरोबर असेल तर हरकत नव्हती. तोच पोटॅशबरोबर असेल तर मिश्रण आपोआप पेटू शकतं. आणि साधा नवसागर असेल तर त्याने लपवला कशाला?

मी अध्यक्षांना खरं तेच सांगितलं. निदान त्या वेळी तसं वाटलं. "धोकादायक काही मिळालं नाही. पण एक वस्तू त्याने माझ्यापासून लपवली. मी खात्री देऊ शकत नाही."

"बस," अध्यक्ष म्हणाले. "समजलं."

काय समजलं ते मी विचारलं नाही. दोन दिवसांत इमारतभर झालं की बाईंना म्हाताऱ्याकडे विषारी पावडर सापडली. चौथ्या दिवशी मासेवाली माझ्या दारात आली तेव्हा टोपली भरलेलीच होती. चारही मजले फिरून आलेली.

"कुनी घेतला नाय," ती म्हणाली. मग माझ्या डोळ्यांत बघून, अजिबात आवाज न चढवता तिने विचारलं, "ताई, माज्या म्हावऱ्यात पन दारू हाय काय?"

मी म्हटलं, "मला बाबांकडे घेऊन चल. आत्ता."

म्हातारा अंगणात भुईनळ्यांना कागद चिकटवत बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, तिकीट, प्रयोगशाळा, अध्यक्ष. त्याने हातातलं काम पूर्ण केलं, मगच मान वर केली.

"चिमूट नेलीस ता मना तवाच कलला. गोनपाट उलटा ठेवलास तू." हात पुसत म्हणाला, "मागला असतास तं दिला असता."

मग तो आत गेला आणि मूठभर मिश्रण घेऊन आला. सोरा, गंधक, कोळसा, तांब्याचा कीस आणि तो नवसागर. फरशीच्या तुकड्यावर ओतून पेटवलं. दिवसाउजेडी, छपराच्या सावलीत, निळसर हिरवी ज्योत फुसफुसत उभी राहिली. ती त्याच्या आज्याची युक्ती होती. आसपासच्या कुठल्याच दारूकाम करणाऱ्याला निळा साधत नव्हता, म्हणून डबा झाकलेला.

"पोटॅश?" मी तरीही विचारलं. सवय.

"नाय वापरत." त्याने अर्धी करंगळी दाखवली. "माज्या भावानं बाजारातनं आनला व्हता. माजा येवराच गेला. त्याचे डोले गेले."

मी त्याला आतषबाजीला यायची विनंती करून निघायला वळले तशी सून म्हणाली, "बाबा येनार नाय ताई. तुमच्या मीटरच्या खोलीतली खोकी हलवल्याबिगर नाय येनार."

"कसली खोकी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला खरंच माहीत नाही यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. परवा सकाळी तिने पाहिलं होतं. अध्यक्ष आणि आणखी एक गृहस्थ टेम्पोतून फटाक्यांची खोकी उतरवून जिन्याखालच्या मीटररूममध्ये ठेवत होते.

"ती पेटली तं नाव माजाच येल," म्हातारा म्हणाला. "म्हनतील, त्यानंच कायतरी केला. जमिनीचा राग काडला."

तो बरोबर बोलत होता. आम्ही हेच म्हटलं असतं.

आम्ही दोघी तशाच इमारतीत आलो. अध्यक्ष दुपारचा चहा घेत होते. मी मीटररूमची किल्ली मागितली.

"कशाला?"

"आत फटाके आहेत म्हणून."

"कोण म्हणतं?" त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या मासेवालीकडे पाहिलं. "बाई, तुम्ही कुणाचं ऐकता?"

"मग उघडून दाखवा," मी म्हटलं. "नसतील तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

त्यांनी कप खाली ठेवला. मग खुंटीवरची किल्ली काढून दिली, पण स्वतः खाली आले नाहीत. "सेफ्टीसाठीच तयार फटाके आणले होते," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच्यावर भरवसा नाही, असं तुम्हीच म्हणालात ना."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण असं ऐकू जाईल एवढी जागा ठेवली होती, हे मला त्याच क्षणी कळलं.

मीटररूममध्ये सहा खोकी भिंतीला लावून रचलेली होती, अगदी बोर्डाला चिकटून. कोंदट गरमी. वरच्या खोक्याचा एक कोपरा पिवळा पडून करपलेला. त्याच्या वरच वायरचा उघडा जोड होता. मी बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं. त्या भिंतीपलीकडे, जिन्याच्या पायऱ्यांवर, तेव्हा मुलं पत्ते खेळत होती.

मुलांना मैदानात पिटाळलं, मेन स्विच पाडला आणि आम्ही दोघींनी एकेक खोकं बाहेर काढलं. तिसऱ्या खोक्याला पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या, मग शेजारचे दोघं. शेजारच्या बांधकामाच्या हौदात सगळी खोकी बुडवली. लाल-निळे कागद वर तरंगायला लागले. काकूंनी मासेवालीच्या हातावर पाणी घातलं आणि विचारलं, "उद्या बोंबील आणशील का?" ती म्हणाली, "बगते."

त्याच संध्याकाळी मी घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं आणि म्हाताऱ्यालाच बोलवायचं ठरलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो उन्हं उतरताना आला. सुतळीने मैदानात रेघ आखून दिली आणि म्हणाला, "ह्याच्या पुडं कोनी नाय." त्याची गरज नव्हती. लोक रेघेच्याही बरेच मागे उभे राहिले. आयांनी मुलांचे दंड धरून ठेवलेले. अध्यक्ष सर्वांत मागे, फाटकापाशी. दिवेलागणीला पहिला भुईनळा सुटला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. लोक ठिणग्या कुठे पडतात ते बघत होते. चक्रं फिरली, झाडं फुलली. एक नळा पेटलाच नाही. दोघे तरुण बघायला पुढे झाले, तर त्याने ओरडून त्यांना मागे घालवलं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं. मला वाटतं, तिथे लोकांचे खांदे पहिल्यांदा खाली आले.

शेवटी निळा. एका ओळीत पाच. मैदानभर तो रंग पसरला आणि क्षणभर सगळ्यांचे चेहरे सारखे दिसले. कुणीतरी "वा!" म्हणालं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. म्हातारा आमच्याकडे पाठ करून उभा होता. तो टाळ्यांकडे वळला नाही. एकेका नळ्याजवळ वाकून, विझलाय की नाही ते हात फिरवून बघत होता.

नंतर मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"चुकला ना," तो म्हणाला. बादली माझ्या हातात दिली. "धर. तिकडचे तीन ऱ्हायलेत."

पुढच्या दिवाळीच्या मीटिंगमध्ये तोच विषय आला. अध्यक्ष बदलले होते. नवे गृहस्थ म्हणाले, गेल्या वर्षी छान झालं, पण नको ती रिस्क. प्रत्येकाने आपापले फुलबाजे आपापल्या गॅलरीत उडवावेत. म्हाताऱ्यालाच बोलवावं म्हणून मी हात वर केला. दुसरा हात पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा. बाकी सगळे ठरावाच्या कागदावर सही करून उठले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मासेवाली भेटली. काय ठरलं ते मी तिला सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल.

"बरा झाला," ती म्हणाली. "बाबाला पन येवाचा नव्हता. म्हनत व्हता, त्या लोकांत नजर लय लागते." मग टोपली खाली ठेवली, पाटावर दोन पापलेटं काढली आणि सुरी हातात घेऊन विचारलं, "तुकडे करू का अख्खा?"