दिगंबरचे ठाण्यातले कागद

दिगंबर गेल्याचा निरोप वाटूरहून आलेल्या एका कंडक्टरनं आणला. मी त्याला पहिलं काय विचारावं? "तुला कोनं सांगितलं?" तो बिचारा म्हणाला, "आजोबा, म्या सोता मातीला गेल्तो." तरी मी फाट्यावरच्या दुकानात फोन लावून खात्री करून घेतली. माझा स्वभावच असा. बायको म्हणायची, तुम्ही प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगून बघता. आज दिगंबरला जाऊन महिना होऊन गेला, आणि त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर आधी स्वतःबद्दलच लिहावं लागतंय...

आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण निजामाच्या राज्यात जालन्यात पगारी गायकांचा एक वृंद होता. आम्ही बावीस जण. जोसेफ मास्तर लहानपणी चर्चमध्ये चार आवाजांतलं गाणं शिकले होते. त्यांनी जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी, धनगरांची गाणी तशी चार आवाजांत बसवली. कुंभार पिंपळगावचा मी खालच्या आवाजात, आणि माझ्या शेजारी वाटूरचा दिगंबर. कोलंबो झालं, रंगून झालं, लढाई संपल्यावर मोंबासा आणि नैरोबी झालं. नैरोबीत गुजराती व्यापाऱ्यांच्या बायका धनगरी गाणं ऐकून डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यांना काय कळलं असेल, देव जाणे! मास्तरांचा एक कडक नियम होता. शेजारच्या दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकानं सूर धरायचा, तेवढ्यात दुसऱ्यानं दम घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही माणसं श्वासच घेत नाहीत. दिगंबर कोपरानं मला हळूच ढोसायचा, म्हणजे आता तू घे. दहा वर्षं मी त्याच्या कोपराच्या भरवशावर गायलो.

त्या काळात चार लोकांपुढं गायचं तर ठाण्याची परवानगी लागे, आणि परवानगीच्या अर्जाला प्रत्येक गाण्याचा उर्दू तर्जुमा, म्हणजे भाषांतर, जोडावा लागे. हे काम दिगंबरचं. उर्दू शाळेत आम्ही सगळेच शिकलेलो, पण मी चौथीत गळालो आणि तो मॅट्रिक झाला. कागदांची चळत काखेत मारून तो ठाण्यात जायचा. तिथला फौजदार, आम्ही त्याला अमीनसाहेब म्हणायचो, दिगंबरला बसायला खुर्ची द्यायचा. ती खुर्ची माझ्या डोळ्यांत सलायला लागली. अहो, आमच्या एका गाण्यात बाया जमीनदाराला सरळ म्हणतात, गाव सोडून चालता हो. असलं गाणं ठाण्यातून पास होतंच कसं? हा माणूस बदल्यात काहीतरी देत असणार. दुसरं काय!

मग शेवटची दोन वर्षं आली. सगळीकडं धरपकड, रझाकारांची दहशत. माझा धाकटा भाऊ किसन निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जाऊन मिळालेला. त्याच सुमाराला आम्हाला लंडनहून बोलावणं आलं. मास्तर लहान पोरासारखे हरखून गेले. या वेळी राज्याबाहेर जायचं म्हणून ठाण्यानं गाण्यांच्या तर्जुम्याबरोबर प्रत्येक गायकाच्या घरच्या माणसांची माहितीही मागितली. तीही दिगंबरनंच आधी लिहून दिली, गाण्यांचे तर्जुमे अजून व्हायचे होते. आठवडाभरानं किसन चतुर्थीला राजूरच्या गणपतीला येणार असल्याचा निरोप मला आला. मी तो एकट्या दिगंबरला सांगितला होता. आणि किसन राजूरला, देवळाच्या पायरीवरच, पकडला गेला.

दुसऱ्या दिवशी मी दिगंबरला ठाण्यातून बाहेर पडताना गाठलं. "काय लिहून देतू रे तू यांना?"

"गाणे."

"आन् आजून?"

त्यानं काखेतली चळत सावरली. "शंकऱ्या, तुला जे इचारायचं ते नीट इचार ना."

मी काय विचारणार? माझ्या मनात निकाल लागून बसला होता. तडक मास्तरांकडं गेलो आणि म्हणालो, "त्यो खबऱ्या हाये. त्यो ऱ्हाईल न्हाईतर मी." माझ्या भावासाठी मास्तरांचे डोळे भरले. त्यांनी दिगंबरला काढलं. त्यानं वहाणा घातल्या आणि तो वाटूरला निघून गेला.

तर्जुम्यासाठी आम्ही दुसरा मुन्शी बघितला. भला माणूस होता, त्यानं शब्दाला शब्द लावून चोख तर्जुमा केला. अमीनसाहेबानं जमीनदाराचं गाणं वाचलं, परत वाचलं, आणि मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर दोन आठवडे आत होते. परवानगी बुडाली, लंडन बुडालं, वृंद मोडला. मास्तर सुटून आले, पण पुन्हा त्यांनी सूर लावला नाही. आणि मी गावभर काय सांगत हिंडलो? की दिगंबरनंच काडी लावली, सूड उगवला! मला खरंच तसं वाटत होतं, हे आज लिहितानाही जीभ चावावीशी वाटते.

पोलीस ॲक्शन झाल्यावर किसन सुटला. तो म्हणाला, "दादा, म्याच येडा. देवळापाशी एका सोयऱ्याशी गप्पा मारत बसलो, त्यानंच दाखवलं मला." मी त्यालाच झापलं, तू भोळा आहेस म्हणून. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत दिगंबर मला लग्नाकार्यात दिसायचा. शाळामास्तर झाला होता. रामराम व्हायचा, तब्येत विचारायचा. मी पानातलं चिवडत, मान वर न करता उत्तर द्यायचो.

तेराव्याला गेलो, तो लोक काय म्हणतील म्हणून. दिगंबरची मुलगी लता हिनं पंगत उठल्यावर मला आत बोलावलं आणि कापडात बांधलेली एक चळत पुढं ठेवली. "काका, तर्जुम्यांच्या नकला हैत. नाना म्हनायचे, शंकऱ्यानं एकदा नुसतं दाखव म्हनलं की देऊन टाकतो. कुठं लग्नात तुमी भेटनार असले की दर बारीला कपाटाची किल्ली खिशात घालून जायचे."

घरी येऊन चष्मा लावला. चौथीपर्यंतचं उर्दू, अक्षर अक्षर जोडत वाचलं. जमीनदाराच्या गाण्याचा तर्जुमा होता: बाया पावसाला म्हणतात, आमच्या गावी ये. दुसऱ्या गाण्यात राजाच्या जुलमाच्या जागी सासूचा जाच. एकूणएक गाणं असं खोटं, आणि प्रत्येकाखाली जिम्मेदार म्हणून त्याची एकट्याची सही. पकडला गेला असता तर एकटाच गेला असता. म्हणून कोणाला बोलला नाही, मास्तरांनासुद्धा नाही. ती माझ्या डोळ्यांत सलणारी खुर्ची... त्या खुर्चीवर तो काय जीव मुठीत धरून बसत असेल!

सगळ्यात खाली घरच्या माणसांचा कागद होता. बावीस नावं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: आई, बायको, दोन मुली. भाऊ, बिलकुल नाही.

खाली ठाण्यानं पोच म्हणून मारलेला शिक्का होता. आणि मी काय केलं, सांगू? माणूस मरून तेरा दिवस झालेले, त्याचं अक्षर समोर, आणि मी आधी शिक्क्यावरची तारीख उजेडात धरून तपासली. किसन पकडला गेला त्याच्या आठ दिवस आधीची होती.