कूलरशेजारचा पोपट

लग्नात मला बायकोबरोबर एक लोखंडी कपाट, पितळेचे डबे आणि एक पोपट मिळाला. कपाट आणि डबे कधी चावले नाहीत.

पोपट तिच्या लहानपणापासूनचा. मौद्याला तिच्या माहेरी मांजर पाळलं होतं, म्हणून तो शहरातल्या महाल भागात आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आला. तिच्या हातून डाळ खायचा, तिच्या वेणीशी खेळायचा. मी वाटी ठेवायला पिंजऱ्यात हात घातला की मात्र पिसं फुलवून, बुबुळं लहानमोठी करत तो बोटाचा लचका तोडायचा. माझ्या दोन बोटांना कायम चिंध्या. ऑफिसात कोणी विचारलं तर सायकलच्या चेनचं नाव सांगून मोकळा व्हायचो.

त्याला वठणीवर आणायचे सगळे उपाय मी केले. ओरडलो, पिंजऱ्यावर पट्टी आपटली, थंडीचे लोकरी मोजे हातात चढवून गेलो. मोज्यांना भोकं पडली. शेवटी मोठ्या मनाने तह करायचं ठरवलं. उन्हाळा तापला होता. कूलर तेव्हा नवलाईचा, आमच्या खिडकीत नुकताच बसलेला, आणि त्याच्यासमोरची जागा म्हणजे घरातलं सिंहासन. ते मी त्याला दिलं. बायको नको म्हणत असताना तिच्याकडूनच पिंजरा कूलरशेजारच्या खुंटीला टांगून घेतला.

त्याने तह वाचलाच नाही. आठवड्याभरात कूलरही स्वतःच्या मालकीचा समजू लागला. बटण नेमकं पिंजऱ्याखाली. मी तिकडे हात नेला की गजांतून चोच बाहेर. टाकीत पाणी ओतायला बादली आणली की सगळी आळी जागी होईल असा आरडाओरडा. भर मे महिन्यात मी डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बंद कूलरसमोर बसायचो आणि बायको बाजारातून कधी येते याची वाट पाहायचो. पिंजरा परत हलव, असं तिला म्हणायला जीभ रेटत नव्हती, कारण कल्पना माझी होती.

त्यातच तिची बाळंतपणासाठी माहेरी जायची वेळ आली. ऑफिसातले एकजण कळमेश्वरहून यायचे, त्यांना पोपट हवा होता. ती बॅग भरत असताना मी ही गोष्ट सहज म्हणून काढली. घडी घालता घालता तिचे हात थांबले.

"तुमच्यानं होत नसन तं आत्ताच सांगा," ती म्हणाली. "मी जातच नाही."

होईल, असं मी म्हणालो. म्हणालो खरा, पण ती बाळ घेऊन परतली आणि पिंजरा रिकामा दिसला, तर तिला तोंड कसं दाखवायचं?

ती गेली त्याच संध्याकाळी मी उलथन्याने वाटी आत ढकलली, निम्मी डाळ सांडली आणि घाईत दार लावायचं राहिलं. मी स्वयंपाकघरात पोळी करपवत होतो, तेवढ्यात साहेब जमिनीवरून चालत आत आले. मी पाटावर चढलो. पाटाची उंची सगळ्यांना माहीत आहे, तरी चढलो. तो रांजणाच्या काठावर जाऊन बसला. तिथे तो एवढासाच दिसत होता. हात जेवढा लांब होईल तेवढा लांब करून मी हिरवी मिरची पुढे केली. त्याने ती पायात धरून सभ्यपणे खाल्ली, बोटाला चोचही लागू दिली नाही.

त्याचं माझ्याशी वैर नव्हतंच. घरात घुसणाऱ्या हाताशी होतं. मी स्वतः ऑफिसच्या खिडकीत बसून आलेल्या माणसावर खेकसतो आणि दुसऱ्याच्या ओसरीवर बशीतला चहा मान खाली घालून पितो. त्याला ओळखायला मला एवढे दिवस लागायला नको होते.

मग रोजचा क्रम ठरला. दार उघडायचं, मिरची दाखवायची, त्याला स्वयंपाकघरात न्यायचं. तो तिथे रमला की पिंजरा झाडायचा, कूलर भरायचा. पिंजराही मी रांजणाजवळच्या कोपऱ्यात आणला. पावसाळ्यात तो आपणहून माझ्या मनगटावर चढला, तेव्हा मला इतका आनंद झाला की दाखवायला घरात कोणी नाही याचंच वाईट वाटलं. मौद्याला गेलो की बायकोला हे शास्त्र प्राध्यापकाच्या थाटात समजावून सांगायचो.

ती मुलीला घेऊन आली. कूलरशेजारी, पिंजऱ्याच्या जुन्या जागी, आम्ही पाळणा बांधला. शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या आणि उचलायला वाकल्या. मी मधे जाऊन उभा राहिलो.

"हात धुतले का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

काकूंचा हात हवेतच राहिला. "काहून गा," त्या म्हणाल्या, "मी काय परकी आहो?"

मी हललो नाही. बायको उठून आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिची हाक आली, मिरचीचे भजे गरम आहेत, जरा इकडे या. मी गेलो. दुसरं भजं तोंडात असताना बाहेरून काकूंचं अंगाईगीत ऐकू आलं. दारातून डोकावलो, तर मुलगी त्यांच्या मांडीवर निवांत झोपली होती.

बायकोने माझ्या ताटलीत आणखी एक भजं ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही इकडं असले म्हणजे चांगले राह्यता."

रांजणाच्या काठावर पोपट आपली मिरची खात होता. मी माझी खाल्ली.