अंगठेवाली काकू

कारखान्यात माझ्या काकूला सगळे ‘अंगठेवाली’ म्हणत. कातड्याच्या हातमोज्यात सगळ्यात अवघड काम अंगठ्याचं. चार बोटं शहाण्यासारखी ओळीत उभी असतात. अंगठा मात्र आडमुठा, तो कुशीवर वळतो. जरा चुकलं की मोजा घातल्यावर मूठच मिटत नाही. काकू आधी हाताने कच्चे टाके घालायची, मग मशीनवर पक्की शिवण. नव्या माणसाशी ओळख झाली की तिची नजर आधी त्याच्या हातांकडे जायची. काकाला बघून आल्यावर तिने म्हणे वडिलांना एवढंच सांगितलं होतं, “अंगठे बरे आहेत.”

माझी आई तिची थोरली जाऊ. तीही त्याच कारखान्यात, कापणीच्या टेबलावर. आई कापायची, काकू शिवायची. घरात चूल एकच. एकीने वाक्य सुरू करावं, दुसरीने संपवावं, अशी दोघींची तऱ्हा.

मग दुकानांत बाहेरच्या देशातले मोजे दिसायला लागले, आमच्या निम्म्या किमतीत. जे व्यापारी वर्षानुवर्षं आमचा माल उचलायचे, ते फोनसुद्धा उचलेनात. एक पाळी बंद झाली, मग वरचा मजला. शेवटी साहेबांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. मशीनं त्याच देशातल्या एका कारखान्याने विकत घेतली होती. तिथल्या काही बायका काम शिकायला येणार होत्या. त्या शिकल्या की मशीनं जातील आणि दाराला कुलूप लागेल. साहेब हे सांगताना जमिनीकडे बघत होते, असं आई म्हणते.

त्या बायका आल्या. त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. अंगठ्याच्या कामाला आलेली मुलगी विशीतली, काटकुळी, सतत बाह्या खाली ओढणारी. सगळे तिला ‘पाहुणी’ म्हणायचे, आणि त्या शब्दात पाहुणचार अजिबात नसायचा. काकूनेही मुकादमाला साफ सांगितलं, “मी नाही शिकवणार. तुम्हीच शिकवा.”

मुकादमाने जन्मात सुई धरलेली नव्हती. त्याला यायचं ते ओरडणं, तेच त्याने शिकवलं. पाहुणीने कातड्यामागून कातडं बिघडवलं. एका सकाळी सुई तिच्या बोटात आरपार गेली. ती ओरडली नाही, फक्त बोट तोंडात घालून मान खाली घालून बसली. काकू उठली. त्या मुलीच्या कळवळ्याने उठली की वाया चाललेल्या कातड्यामुळे, हे काकूला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. तिने बोट धुतलं, चिंधी बांधली. खाली पडलेली सुई मुलीने डाव्या हाताने उचलली आणि तेव्हा काकूच्या लक्षात आलं.

“अगं, ही तर डावखुरी आहे! मुकादम, तुम्ही हिला उलट्या हाताने शिवायला लावताय!”

काकूने आपलं स्टूल उचललं आणि पाहुणीच्या समोर मांडलं, आरशासारखं. काकूचा उजवा हात हलला की तिचा डावा हलायचा. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. काकू आपली मराठीतच बोलत राहायची, फक्त जरा मोठ्याने, जणू मुलगी बहिरी आहे. “हळू. हळू गं. घाई कसली?” पाहुणीला तेवढा एकच शब्द आला. दोरा ओवताना ती स्वतःशीच पुटपुटायची, “हळू, हळू.”

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई कडाडली. “आपल्या पोरांच्या पानातलं उचलून तिला वाढतेस? लाज नाही वाटत?”

काकू भाजी चिरत होती. “ताई, काम काही तिने मागून नेलं नाही. तिलाही कोणीतरी पाठवलंय.”

“मग तिलाच ताई म्हण,” आई म्हणाली. त्यानंतर ती काकूशी बोलेना.

निघायच्या दिवशी पाहुणीने स्वतः अंगठा लावलेला मोजा काकूपुढे धरला. काकूने मोजा घातला, मूठ मिटली, उघडली आणि मान डोलावली. मुलीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. निरोपाचं काही बोलायचं होतं, पण शब्द कुठून आणणार? ती म्हणाली, “हळू.” काकू हसली आणि हसता हसता रडली.

कारखाना बंद झाला. काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली, आई बंदराजवळच्या गोदामात. एकाच चुलीवर दोघी मुक्याने रांधायच्या. निरोप आमच्यामार्फत जायचे. “तुझ्या काकूला सांग, मीठ संपलंय.” काकू हातभर अंतरावर उभी!

मग आई गोदामात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर. जेवण ती डाव्या हाताने कसंबसं जेवायची, पण वेणी घालता येईना. मी शाळेच्या गडबडीत, बाबांना वेणी म्हणजे दोरखंड वाटायचा. पिंजारलेले केस घेऊन आई खिडकीशी बसली होती. काकू फणी घेऊन मागे जाऊन बसली आणि न विचारता गुंता सोडवायला लागली. बराच वेळ फणीचाच आवाज.

“घट्ट नको बांधूस,” आई म्हणाली.

“नाही बांधत.”

“आणि ती तुझी... तिला जमला का गं अंगठा?”

“जमला.”

आईने प्लास्टरवरून बोट फिरवलं. “बरं झालं. नाहीतर आपलंही गेलं, तिलाही आलं नाही, दोन्हीकडून वाया.” मग तिचे खांदे हलायला लागले. काकूने फणी खाली ठेवली आणि मागूनच तिला मिठी मारली.

हात बरा झाल्यावर काकूने आईलाही धुलाईखान्यात लावून घेतलं. कातड्याच्या कामाची त्याला सर नाही, दोघीही हे मान्य करतात. तिथे अंगठेवाली म्हणून काकूला कोणी ओळखत नाही. पण इस्पितळाच्या चादरी लांबलचक, एकटीला घडी घालता येत नाही. दोघी दोन-दोन टोकं धरून लांब जातात, चादर ताणतात, आणि घडी घालत पुन्हा एकमेकींजवळ येतात. तोंडाचा पट्टा तेवढा वेळ चालूच असतो.