बुद्धगयेचं पान

मुकुंदवाडीत आमच्या समोर राहणारा माणूस कुठलंही काम अर्धं करतो आणि हात झटकून म्हणतो, "झालं की!" निम्मं अंगण झाडलं की झालं. आजाऱ्याच्या दारात डोकावला की भेटणं झालं.

त्याच्या बायकोला बुद्धगयेला जायचं होतं. दर वर्षी तो 'पुढच्या वर्षी नेतो' म्हणायचा. तिची पांढरी साडी कधीची प्रवासाच्या पिशवीत भरून ठेवलेली. आता तिचे गुडघे गेलेत.

मागच्या महिन्यात त्यानं पुतण्याचा तो डोळ्यांवर बांधायचा व्हीआरचा डबा आणला. मला हाक मारली, "आक्का, या. हिला बुद्धगयेला नेतोय."

ती पांढरी साडी नेसून खुर्चीवर बसली. डबा बांधल्यावर तिनं हात जोडले, मान वळवून सगळं बघितलं. "माय, केवढा पिंपळ!" म्हणाली आणि एकदम वाकली. झाडाखाली पडलेलं पान तिला उचलायचं होतं. एक तिला आणि एक मला, असं आमचं जुनं ठरलेलं. बोटं फरशीवर घासली.

तो खो खो हसला. "येडे, ते खरं हाय व्हय?" मग डबा काढून घेत म्हणाला, "झालं की! आलीस जाऊन."

आता गल्लीभर सांगतो, बायकोला बुद्धगयेला नेऊन आणलं. काल मी त्याला दारातच विचारलं, "खरं नव्हतं, तर ती गेली कुठं?"

"झालं की आक्का, किती उकरता!"

त्याच्या मागं ती खाटेवर बसून पांढरी साडी पुन्हा पिशवीत भरत होती.