साहेबांच्या भाषणातली विहीर

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांची भाषणं मी लिहून देतो. बोरी बुद्रुकजवळच्या गावात मी निवृत्त मास्तर, म्हणजे लोकांच्या लेखी रिकामा माणूस. विश्वशांतीचं भाषण तर मला तोंडपाठ झालंय. पृथ्वी एक कुटुंब, युद्ध कुणालाच नको, शेवटी पांढरं कबूतर उडवायचं आणि खाली बसायचं. जगात कुठंही बॉम्ब पडला की साहेबांना हे भाषण लागतं.

यंदा बेल्ह्याच्या कार्यक्रमाआधी ते म्हणाले, "गुरुजी, कबूतर लई झालं. काहीतरी आपल्या मातीतलं घाला."

मी आळस केला आणि घरचीच विहीर घातली. दोन भाऊ, एक विहीर, एक मोटर. तीन दिवस याची पाळी, तीन दिवस त्याची. एकाच्या पाळीला लाईट गेली, तर दुसरा आपली पाळी सोडून त्याचं वावर भिजवतो. देशांनी असं वागावं, झालं.

खऱ्या विहिरीवर त्या आठवड्यात वेगळंच चाललं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या पाळीत लाईट गेली, म्हणून त्यानं न विचारता माझ्या पाळीत मोटर चालवली. मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं. ऊन मार्चचं, आणि त्याच्या कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडत चाललेली. मला ते रोज दिसत होतं. तो एकदा तोंडानं मागेल, मग चावी देऊ, असं मी धरून बसलो होतो. कुलूप तोडणं त्याला अवघड नव्हतं. पण तोही त्याच बापाचा.

कार्यक्रमात कार्यकर्त्यांनी "सख्खे भाऊ, शेजारीच बसा" म्हणत आम्हाला पहिल्या रांगेत कोंबलं. माझ्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तो, समोर शूटिंगवाला. साहेब भाषणात विहिरीपाशी आले. उठून जावं तर त्याच्या गुडघ्यांवरून जावं लागणार. साहेबांनी आवाज खाली आणून शेवटचं वाक्य म्हटलं आणि टाळ्या पडल्या. भाऊ समोरच बघत म्हणाला,

"दादा, ही विहीर कुठं हाय? पुढल्या साली कांदा तिथंच लावतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खिशातली चावी काढली नाही. तिथं दिली असती तर साहेबांच्या भाषणानं सुधारलो असं झालं असतं. मी टाळ्या वाजवल्या.

त्या हट्टात आणखी पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, तर त्याच्या कांद्यात मेंढरं चरत होती. त्यानंच धनगराला बोलावून सोडली होती. उघड्या पेटीपाशी उभा होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"गुरुजी, विहिरीचं लई गाजलं बघा. मंचरला बी तीच ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो.